पेनवालं थर्मामीटर 105 वर अडकलंय आन कपाळाची गन ‘ई आर आर’ दाखवायलीय, काय करावं?

कापूसवेचा (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. घाईत टाईप करायलोय, समजून घ्या. लेक चार वर्षांची आहे, कालपासून अंग कोमट लागतंय आन नाक गळतंय म्हणून घरातलं पेनवालं डिजिटल थर्मामीटर काढलं. हिवाळ्यात घेतलेलं आहे, तेव्हा व्यवस्थित चालायचं, बटन दाबलं की आधी ‘एल ओ’ असं यायचं आन काखेत ठेवलं की आकडा चढत जायचा. आज दुपारी चालू केलं तर ते एल ओ आलंच नाही, टेबलावर ठेवल्याठेवल्या 105.3 आन काखेत ठेवलं तरी 105.3 च, हलायचं नाव नाही. बायको रडकुंडीला आली आन लेक तिकडं बाहुलीला घास भरवत बसलेली. 105 ताप असलेलं लेकरू असं खेळंल का? शेजारून कपाळाला धरायची गन आणली तर तिच्यावर आकडाच येईना, ‘ई आर आर’ येतंय. मग सरळ आरोग्य केंद्रात नेलं, तिथं डॉक्टरांनी बघितलं तर 99.4, सर्दीचं औषध दिलं, घाबरायचं काही नाही म्हणले. ते बरं झालं, पण रात्री ताप चढला तर घरात भरवशाचं काही पाहिजे का नाही? दोन्ही मशीन एकदमच कशा खराब होतील? घर पत्र्याचं आहे, आज दुपारभर लाईट नव्हती. सेल बदलून बघू का नवीनच घेऊ?

तळ्याकाठी (माजलगाव)

दादा सेल गेला असंल. आमच्या घड्याळवाल्याकडं मिळतो, बदलून बघा. सेल उतरला की काहीही आकडे दाखवतंय.

सोल्डरगन (छ. संभाजीनगर)

कापूसवेचा दादा, सेल आताच बदलू नका आन नवीन तर घेऊच नका. मी दवाखान्यातल्या मशीन दुरुस्तीचं काम करतो, दर उन्हाळ्यात हीच तक्रार येते आन बहुतेक वेळा मशीन चांगली असते.

105.3 फॅरनहाईट म्हणजे 40.7 सेल्सिअस. तुमच्या पत्र्याखाली, लाईट नाही, पंखा बंद, मे महिन्यातली दुपार. ते थर्मामीटर तुमच्या खोलीचं तापमान दाखवायलंय हो, लेकीचं नाही.

आता काखेत ठेवल्यावर तरी उतरायला पाहिजे होतं असं वाटंल. पण ताप मोजायच्या थर्मामीटरला उतरायची सोयच नसते. ते जास्तीत जास्त गेलेला आकडा धरून ठेवतं, कारण काखेतून काढून तुम्ही उजेडात नेऊन वाचेपर्यंत आकडा पडू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. खोली शरीरापेक्षा गरम असली की बटन दाबल्याबरोबर ते खोलीचा आकडा धरून बसतं आन मग 99 वाल्या काखेत ठेवा नाहीतर माठात बुडवा, 105.3 च राहणार.

हिवाळ्यात जे एल ओ दिसायचं तो एरर नव्हता. बहुतेक मशीनचं माप 32 सेल्सिअसपासून म्हणजे 89.6 फॅरनहाईटपासून सुरू होतं. त्याच्या खालचं काही असलं की ते ‘लो’ म्हणतं. म्हणजे मी तयार आहे, आता अंगाला लावा, एवढाच त्याचा अर्थ. उन्हाळ्यात आपल्याकडं सावलीतसुद्धा 32 च्या खाली उतरत नाही म्हणून ते लो गायब होतं, त्याच्यात बिघाड काही नाही.

उपाय असा. मशीन बंद ठेवा. टोकाचा धातूचा भाग माठातल्या पाण्यात पाच-दहा सेकंद धरा, नुसतं टोकच, स्क्रीनकडचा भाग भिजवायचा नाही. स्वच्छ फडक्यानं पुसा. मग बटन दाबा. लो आलं पाहिजे. आलं की वेळ न घालवता लगेच काखेत किंवा जिभेखाली. लो च्या जागी 100 च्या वरचा आकडा आला तर बंद करून परत पाण्यात. थर्मामीटर खिडकीत, फ्रिजवर, टीव्हीमागं ठेवत जाऊ नका, माठाच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवा.

आन गनचं वेगळं आहे, ते नंतर लिहितो, एक फोन आलाय.

कापूसवेचा

सोल्डरगन भाऊ, लगेच करून बघितलं. माठाच्या पाण्यातून काढून पुसलं, चालू केलं, लो आलं! काखेत 99.1. बायकोच्या काखेत 97.9. तुमचे उपकार झाले. हे त्या कागदावर कामून लिहीत नाहीत?

सोल्डरगन

लिहिलेलं असतं दादा, काही कंपन्यांच्या कागदावर 35 सेल्सिअसच्या वर खोली असली तर टोक गार पाण्यात धरा असं स्पष्ट असतं, पण अक्षर इतकं बारीक आन बहुतेकदा इंग्रजीत, घडी घातलेला तो कागद डब्यातच राहतो. मी तर म्हणतो मराठीत मोठ्या अक्षरात हे एक वाक्य डब्यावरच छापायला पाहिजे. मराठवाडा, विदर्भात विकायचं आन सूचना थंड देशातल्या लिहायच्या, हे बरोबर नाही.

आता गन. ती अंगाला लागत नाही, कपाळातून निघणारी उष्णता लांबून मोजते. त्यासाठी तिला स्वतःचं तापमान किती आहे ते आधी पक्कं माहीत असावं लागतं, कारण आतला सेन्सर फक्त कपाळ आन स्वतः यांच्यातला फरक मोजतो. स्वतःचं तापमान भराभर बदलत असलं तर हिशोब चुकतो. तराजूच हलत असला तर मापाचं काय सांगणार. म्हणून बऱ्याच गनांवर 10 ते 40 सेल्सिअस अशी खोलीची मर्यादा दिलेली असते, त्याच्या बाहेर गेलं की ती आकडा द्यायलाच नकार देते आन एरर टाकते. तुमची खोली 40.7. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांची गन खराब नाही, उलट प्रामाणिक आहे, चुकीचा आकडा देण्यापेक्षा गप बसली.

काही गनांवर ‘ए एच’ येतं, म्हणजे भोवतालची हवा जास्त गरम, आन ‘ए एल’ म्हणजे जास्त गार. कंपनीनुसार अक्षरं बदलतात, त्यामुळं माझ्या मशीनचा कोड तुमच्या मशीनला लावू नका, डब्यातला कागद जपून ठेवा, नाहीतर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साईटवरून उतरवून घ्या.

कूलरच्या खोलीतून उन्हात नेली किंवा गाडीच्या डिकीतून काढली की लगेच वापरायची नाही. माणूस आन मशीन दोघंही एकाच खोलीत पंधरावीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास राहू द्या. कपाळावर घाम असला तर पुसून थोडं थांबा, ओली पट्टी ठेवलेली असली तर त्या कपाळाचा आकडा काही कामाचा नाही.

मुळाक्षर (नांदेड)

छान चर्चा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे टोकाच्या आत काय आहे ते सांगायचा मोह आवरत नाही. त्या चकचकीत टोपणाच्या आत ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा थर्मिस्टर असतो. त्याचा गुण असा की तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, गार झाला की वाढतो. आतली चिप तो रोध मोजून त्याचा ताप करते.

यावरून बिघाड ओळखायची एक युक्ती निघते, वर्गात मी मुलांना हीच विचारतो. मानेजवळ बारीक तार तुटली तर रोध प्रचंड होईल, मग चिपला काय वाटेल? टोक फार गार आहे. म्हणजे कितीही वेळ तोंडात ठेवलं तरी लो च लो. आणि आत पाणी शिरून तारा एकमेकींना टेकल्या तर रोध जवळजवळ शून्य, मग चिपला वाटेल टोक भयंकर तापलंय, म्हणजे माठातून काढलं तरी ‘एच आय’, म्हणजे हाय. अर्थात काही मशीनमध्ये चिप हुशार असते, ती असं काही दिसलं की लो-हाय न दाखवता सरळ एरर टाकते. पण जी टाकत नाहीत त्यांच्यासाठी ही परीक्षा चांगली आहे: माठाच्या पाण्यात लो आणि जिभेखाली नव्वदच्या पुढचा आकडा, दोन्ही आले तर टोक शाबूत आहे.

सोल्डरगन, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

सोल्डरगन

सर अगदी बरोबर. पाणी शिरण्याचं कारण बहुतेकदा घरातच असतं, लोक ते उकळत्या पाण्यात टाकतात निर्जंतुक करायला. अजिबात करू नका. स्पिरिटच्या कापसानं टोक पुसायचं, वाळू द्यायचं, झालं.

अजून एक, चालू करताना पहिल्या सेकंदाला स्क्रीनवर 188.8 आन बाकीची सगळी चिन्हं उमटतात, ती नीट बघत जा. तो ताप नाही, सगळ्या रेघा उमटतात का त्याची ती तपासणी आहे. एखादी रेघ मेलेली असली तर 8 चा 0 दिसतो, 98.8 चं 90.8 होऊन जातं आन घरच्यांना वाटतं माणूस गार पडला.

त्याच्या पुढच्या सेकंदाला काही मशीनवर ‘एम’ सोबत आकडा येतो. तो मागच्या वेळचा, साठवलेला. म्हातारीचा ताप सकाळी घेतलेला 101.6 आन दुपारी नातवाला मशीन लावायच्या आधीच लोक तो वाचून गोळी देऊन मोकळे होतात.

अंगणवाडीच्या_मागं (कळंब, जि. धाराशिव)

मी आशा कार्यकर्ती आहे, बरेच दिवस वाचते, आज लिहिते. तुम्ही सगळे लो म्हणजे काळजी नाही असं म्हणायलेत ते चालू केल्यावरच्या लो साठी बरोबर आहे, पण नवजात बाळाच्या काखेत ठेवून, पूर्ण वेळ धरून, तरी लो राहिलं तर ते मशीनवर ढकलू नका हो. हात जोडून सांगते.

आम्हाला गृहभेटीच्या किटमध्ये वजनकाटा आन डिजिटल थर्मामीटर दिलेला असतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असंल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आन बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं, आन प्रत्येक वेळी बाळाचा ताप घ्यायचा. बाळाचं अंग 97.7 ते 99.5 च्या मधी पाहिजे. त्याच्या खाली गेलं की बाळ गार पडायलंय. 96.8 च्या खाली गेलं की जास्त धोका. आन या मशीनचं माप जिथं संपतं ना, 32 सेल्सिअस, तिथूनच खाली जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत नवजात बाळाचं गार पडणं ‘तीव्र’ धरलेलं आहे. म्हणजे काखेतलं खरं लो म्हणजे लई वाईट.

म्हणून मी आधी काय करते, मशीन माझ्या स्वतःच्या काखेत लावून बघते. माझा आकडा बरोबर आला म्हणजे मशीन चांगलं. मग परत बाळाला. टोक काखेच्या खोलगट भागात, मधी झबल्याची बाही नको, हात बाळाच्या छातीशी हलकेच दाबून धरायचा. बीप झाल्यावर पण थोडं थांबायचं. आन आकड्याची वाट न बघता बाळाच्या पोटाला आन पायाला हात लावून बघायचं, पोट गरम आन पाय गार असले तर बाळ गार पडायच्या वाटेला आहे, पोट पण गार असलं तर गार पडलेलंच आहे. लगेच आईच्या उघड्या छातीवर कांगारूसारखं, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, पाजत राहायचं आन वाहन बोलवून दवाखाना. 

डिसेंबरात आमच्याकडं पहाटे पत्र्याच्या घरात लई गारठा असतोय आन ओल्या बाळंतिणीला कोपऱ्यात, दाराजवळच्या बाजेवर टाकतात. तेव्हा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. खराब झालंय म्हणून फेकून देऊ नका.

आन तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 च्या वर ताप दिसला तर घरी पट्ट्या ठेवत बसायचं नाही, त्याच दिवशी, त्याच वेळी डॉक्टर.

कापूसवेचा

ताई, धन्यवाद. ही काखेची आन पोट-पायाची गोष्ट माझ्या भाचीला लगेच पाठवतोय, ती बाळंतपणाला आलेली आहे.

मुळाक्षर

अशा पोस्टसाठीच धागे असावेत. ताई, स्वतःच्या काखेत लावून मशीन तपासायची पद्धत कुठल्याही पुस्तकातल्या पद्धतीइतकी चांगली आहे.

गोळीबिस्कीट (लातूर)

मेडिकल आहे माझं, औसा रोडच्या बाजूला. सेलचं मी सांगतो कारण तळ्याकाठी भाऊ पण पूर्ण चूक नाहीत, सेल उतरला की खरंच त्रास होतो, फक्त त्याचं लक्षण वेगळं. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी बॅटरी किंवा त्रिकोण लुकलुकतो, आकडे फिके पडतात, बटन दाबून सोडलं की लगेच बंद पडतं. असं नसंल तर सेलला हात लावू नका.

पेनवाल्यात बहुतेक करून एलआर41 हा बटन सेल असतो, दीड व्होल्टचा. ह्यालाच एजी3 पण म्हणतात, 192 पण म्हणतात, दुकानदारानं वेगळं नाव सांगितलं तरी तोच. एलआर44 मोठा असतो, तो बसत नाही, लोक दाबून बसवतात आन झाकणाची खाच मोडतात. अधिकचं चिन्ह कुठल्या बाजूला आहे ते जुना काढतानाच बघून ठेवा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. सेल चिमट्यानं नको, तो दोन्ही बाजूंना टेकतो. कोरड्या फडक्यानं पुसून बसवा. काही स्वस्तातल्या पेनला झाकणच नसतं, सेल संपला की पेन संपलं, घेतानाच मागं झाकण आहे का बघून घ्या.

गनमध्ये पेन्सिल सेल लागतात, बारीकवाले, दोन. तिथं एक जुना एक नवा असं करू नका.

आन तुमचा तो ‘ई आर आर’ खोली गार असताना पण आला, तर सेल काढा, दोन मिनिटं तसंच ठेवा, परत बसवा. आतलं सगळं नव्यानं सुरू होतं. तरी आलाच तर पावती घेऊन दुकानात जा. पावती नसंल तर नवीन घ्या, उघडून सोल्डर करण्याइतकी त्याची किंमत नाही.

लिंबाखाली (अंबाजोगाई)

गोळीबिस्कीट दादा, एक भर घाला ना त्यात. जुना बटन सेल खिडकीत, देव्हाऱ्यात, ड्रॉवरमध्ये ठेवू नका. रांगतं लेकरू पहिलं तेच तोंडात घालतं. माझ्या मावसबहिणीच्या मुलानं नाकात घातला होता, कानाकोपऱ्यात सेल शोधत बसले आन तो नाकात. डॉक्टर म्हणाले नाका-गळ्यात अडकलेला सेल ओला झाला की त्याच्यातून वीज वाहते आणि आतलं जळायला लागतं, दोन तासांतसुद्धा मोठी जखम होते. गिळला असा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावायची नाही, सरळ एक्स-रे असलेला दवाखाना गाठायचा. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून लगेच बाहेर टाकते मी आता.

गोळीबिस्कीट

एकदम बरोबर ताई. माझ्याकडं जुना आणून दिला तरी चालंल, मी वेगळ्या बरणीत जमा करतोय.

जुनाजाणता (हिंगोली)

हे सगळं वाचून वाटायलंय की पाऱ्याचं थर्मामीटर काय वाईट होतं? सेल नाही, एरर नाही, झटकलं की झालं. आमच्या घरी वीस-पंचवीस वर्षं एकच चाललं.

सोल्डरगन

काका, तुमचं पाऱ्याचं माप चांगलंच असायचं त्यात वाद नाही. पण उन्हाळ्याचा घोळ तिथंही होताच, आठवून बघा, मे महिन्यात कितीही झटकलं तरी पारा खाली उतरायचा नाही आन डॉक्टर नळाखाली धरून मग झटकायचे. तत्त्व तेच, चढलेला आकडा धरून ठेवायचं.

आन पारा फुटला की जो त्रास तो डिजिटलला नाही. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत श्वासातून जाते. म्हणून तर जगभरात मिनामाता करार झाला, 2013 ला, त्यात पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं आन आयात-निर्यात 2020 पर्यंत बंद करायचं ठरलं, भारतानं पण 2018 ला मान्यता दिली. तुमचं जुनं असंल तर जपून, खोक्यात कापूस घालून ठेवा. फुटलंच तर झाडू मारायचा नाही, लेकरांना बाहेर काढायचं, खिडक्या उघडायच्या, हातमोजे घालून जाड कागदानं थेंब गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरायचे.

जुनाजाणता

नळाखाली धरायचे हे खरंय. आमचे जुने डॉक्टर तसंच करायचे, मला वाटायचं धुवायलेत.

मोसंबीबाग (जालना)

हाय चं कोणी फार लिहिलं नाही म्हणून लिहितो. मागच्या उन्हाळ्यात चुलते विहिरीच्या कामावर होते, दुपारी दोनला बांधावर आडवे झाले. अंग भाजत होतं, बडबड करायले, माणसं ओळखंनात. ट्रॅक्टरच्या पेटीत थर्मामीटर होतं ते लावलं तर ‘एच आय’. सगळे म्हणले उन्हात तापून खराब झालंय, दुसरं आणा. एक पोरगा म्हणला, मशीन राहू द्या, माणूस बघा, आन त्यानं 108 ला फोन लावला. गाडी येईस्तोवर सावलीत घेतलं, कपडे सैल केले, विहिरीचं पाणी अंगावर ओतत राहिलो, दोघंजण पोत्यानं वारा घालायले. वाचले. डॉक्टर म्हणले उष्माघात होता, पाणी ओतलं ते लई चांगलं केलं. माझा प्रश्न असा की ते हाय खरं होतं का पेटीच्या उन्हाचं?

सोल्डरगन

मोसंबीबाग दादा, आता सांगता येणार नाही आन त्या वेळेला सांगायची गरजही नव्हती. बहुतेक मशीनचं वरचं टोक 42.9 सेल्सिअस, म्हणजे 109.2 फॅरनहाईट, काहींचं 42 च. उन्हातल्या लोखंडी पेटीतलं थर्मामीटर त्याच्या वर सहज जातं, त्यामुळं ते पेटीचंही असू शकतं. पण उष्माघातात शरीर 104 च्या वर जातंच. त्या पोरानं जे केलं तेच बरोबर. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, भुईवर पडला, अंग तापलेलं आहे, एवढं पुरे. आकड्यासाठी एक मिनिट घालवायचं नाही. गार पाणी, वारा, 108. शुद्धीत नसंल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तापाची गोळी पण द्यायची नाही, हा ताप तसल्या गोळीनं उतरत नाही.

थर्मामीटर ट्रॅक्टरमधी ठेवणं मात्र बंद करा, उन्हानं सेल पण फुगतो आन स्क्रीन काळी पडते.

तळ्याकाठी

माझाच एक प्रश्न राहिला. आमच्या घरचं कालपासून 37.2 दाखवायलंय, आई म्हणते अंग गार पडलं, हळदीचं दूध प्यायला लावती मला. मी तर ठणठणीत आहे.

गोळीबिस्कीट

भाऊ ते सेल्सिअसवर गेलंय. 37.2 म्हणजे 98.96, म्हणजे 99 च धरा, आईला सांगा काही झालं नाही. बंद असताना बटन जास्त वेळ दाबून धरा, बऱ्याच पेनमधी तसं केलं की सेल्सिअसचं फॅरनहाईट होतं, आकड्याशेजारी सी चं एफ होतंय का बघा. दुकानात आठवड्याला एखादा माणूस हेच घेऊन येतोय, लेकरांनी बटनाशी खेळलं की होतंय ते.

डॉक्टरला फोनवर ताप सांगताना पण एफ का सी ते आधी सांगत जा. आन ‘38’ असं सांगितलं तर त्यांना कळंल, पण घरात कोणाला कळत नाही, 38 म्हणजे 100.4, तिथून ताप धरायचा.

लिंबाखाली

गनचा अजून एक घोळ असतो. तिच्यावर एक माणसाचं चित्र असतं आन एक बाटलीचं किंवा चौकोनाचं. बाटलीवर असलं की ती वस्तूचं तापमान मोजते, मग कपाळावर 93-94 दाखवते कारण कातडीचं तेवढंच असतं. माणसाच्या चित्रावर असलं की ती त्या कातडीच्या आकड्यावरून शरीराचा हिशोब करून सांगते. आमची गन फेकायला निघाले होते घरचे, मी बटन फिरवलं, लगेच 98.2.

सोल्डरगन

हे मी लिहायचं राहूनच गेलं होतं, बरं झालं ताई. सोबत पुढची काच पण बघा, धूळ आन बोटाचे डाग बसले की आकडा कमी येतो. कानकोरणीच्या कापसाला थोडं स्पिरिट लावून हलक्या हातानं पुसायची, वाळू द्यायची. अंतर कागदावर दिलंय तेवढंच, बहुतेकांचं 1 ते 5 सेंटीमीटर. हातभर लांबून धरून काही मिळत नाही. कानात घालायच्या मशीनवर कधीकधी ‘पी ओ एस’ येतं, तो जागेचा एरर, कानात नीट बसलं नाही किंवा लेकरू हललं, परत शांतपणे घ्या.

कापूसवेचा

रात्री अकराला परत घेतलं, टोक गार करून, लो बघून. 100.8 आलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं 100.4 च्या वर गेलं तर वजनाप्रमाणं पातळ औषध द्या म्हणून, ते दिलं. आता झोपलीय. एक शंका, ते बीप कधी होतंय आन कधी लई वेळ होतच नाही, असं का?

सोल्डरगन

बीप म्हणजे मोजणं संपलं असं नाही दादा, आकडा चढायचा थांबला एवढंच. टोकाचं तापमान काही सेकंद, समजा 16 सेकंद, 0.2 फॅरनहाईटपेक्षा जास्त चढलं नाही की ते वाजतं. काखेतली हवा मधी राहिली की आकडा दमादमानं चढत राहतो आन बीप लांबतो. उलट काखेत टोक ढिलं धरलं, मधेच सरकलं, की खालीच थांबतो आन लवकर वाजतो, तो आकडा कमीच असतो. जिभेखाली साधारण मिनिटात होतं, काखेत दोन मिनिटं धरा आन बीपनंतर पण थोडं. चहा, गरम दूध, बर्फगोळा झाला असंल तर जिभेखाली अर्धा तास थांबून. चार वर्षांच्या लेकराला काखेतच घ्या, जिभेखाली चावतात. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमी येतो, म्हणून डॉक्टरांना सांगताना ‘काखेतला’ असं म्हणा, त्यात मनानं एक डिग्री मिळवू नका, मिळवायचं का नाही ते ते बघतील.

सकाळी पत्रा तापायच्या आधी परत घ्या आन इथं लिहा. अंगावर पुरळ, दम लागणं, पाणीच न पिणं, सारखी गुंगी, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

अंगणवाडीच्या_मागं

लघवी करती का ते पण बघा दादा. सहा-आठ तासात झाली नाही तर लगेच दाखवा. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं देत राहा.

कापूसवेचा

सकाळी सहा वाजता, टोक गार न करता सुद्धा लो आलं आज, रात्री वारं सुटलं होतं. काखेत 98.4. लघवी दोनदा झाली, पेज मागायलीय. शेजाऱ्यांची गन पण सकाळी चालली, 98 दाखवली, त्यांना निरोप दिलाय की दुपारी वापरू नका. पाण्यात टोक धरायची सूचना मोठ्या अक्षरात लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. सोल्डरगन भाऊ, तुम्ही म्हणता तसं ते एक वाक्य गावातल्या मेडिकलच्या काचेवर लावायला सांगू का? तो तयार आहे, मजकूर तुम्ही द्या.

सोल्डरगन

देतो. ‘उन्हाळ्यात थर्मामीटरचं टोक आधी गार पाण्यात दहा सेकंद धरा, पुसा, चालू करा, लो आलं की मगच अंगाला लावा. लहान बाळाच्या काखेत ठेवल्यावर लो राहिलं तर दवाखान्यात न्या.’ दुसरं वाक्य कळंबच्या ताईंचं आहे, ते गाळू नका.